काळा, निळा, पांढरा : गाडीचा धूर कसा वाचायचा

मुधोळ म्हटलं की कॉलेजात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ते शिकारी कुत्र्यांचं मुधोळ का?" ते मुधोळ कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. आमचं मुधोळ तेलंगणात, बासरच्या सरस्वतीकडून भैंशाला जाणाऱ्या रस्त्यावर. पूर्वी जिल्हा आदिलाबाद, ऑक्टोबर २०१६ पासून निर्मल. त्याच्याही आधी, १९५६ पर्यंत, मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत धर्माबाद तेव्हाच्या मुंबई राज्याच्या वाट्याला गेलं आणि मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आंध्रात. त्यामुळे आमच्याकडच्या गॅरेजमध्ये एकाच गाडीचं दुखणं तीन भाषांत सांगितलं जातं. मराठी माणूस म्हणतो "गाडी काळा धूर मारायली", तेलुगू गिऱ्हाईक "नल्ल पोग" म्हणतं आणि उस्ताद दोघांनाही दखनीत विचारतात, "धुआँ कब मारती? सुबू की चढाव पे?"

या लेखात मला सांगायचं आहे ते या प्रश्नातल्या 'कब'बद्दल. धुराचा रंग बघून इंजिनाचं दुखणं ओळखता येतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. काळा म्हणजे इंधन जास्त, निळा म्हणजे ऑईल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी. मोबाईलवर अशी तीन ओळींची कोष्टकं भरपूर फिरतात. ती खोटी नाहीत, पण तेवढ्यावर विसंबून माणसं हजारो रुपये घालवतात. रंग फक्त दिशा दाखवतो. नेमकी जागा कळते ती धूर कधी येतो, किती वेळ टिकतो आणि वास कसला येतो यावरून.

आधी मुळात धूर का होतो ते बघू. न्यायशास्त्रातलं अनुमानाचं सर्वात गाजलेलं उदाहरण धुराचंच आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. पण नैयायिक लगेच बजावतात की हे उलटं चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या, त्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी आणखी एक अट लागते : ओलं इंधन. तर्कशास्त्राच्या पुस्तकात हे वाचताना मला आमच्या गॅरेजची आठवण झाली, कारण इंजिनाचं गणित हेच आहे. चांगलं जळणारं इंजिन म्हणजे तो तापलेला गोळा. जाळ आहे, धूर नाही. धूर दिसला की समजायचं, जाळात काहीतरी 'ओलं' शिरलंय. एकतर जे जळायला नको ते शिरलंय (ऑईल, कूलंट), किंवा जे जळायला हवं ते पूर्ण जळत नाहीये.

रंगांमागे प्रकाशाचं साधं शास्त्र आहे. अर्धवट जळालेल्या इंधनातून कार्बनचे कण, म्हणजे काजळी तयार होते. काजळी प्रकाश गिळते, म्हणून धूर काळा. पाण्याच्या वाफेचे थेंब त्या मानाने मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून पांढरा. जळलेल्या ऑईलचे थेंब फार बारीक असतात आणि बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. उदबत्तीच्या टोकाशी धूर निळसर दिसतो तो याच कारणाने. यातून एक उपयोगी गोष्ट निघते. निळा धूर बघायचा असेल तर गाडीमागे काहीतरी गडद हवं, झाडी किंवा काळी भिंत. आकाशाच्या उजेडासमोर तोच धूर मळकट, तपकिरी दिसतो आणि भल्याभल्यांना चकवतो.

आता पांढऱ्याकडे येऊ. वसंत पंचमीला बासरला मुलांच्या अक्षराभ्यासासाठी तोबा गर्दी असते. नांदेडच्या एमएच-२६ च्या गाड्या पहाटेपासून रांगेत. आदिलाबादचा हा सगळा भाग तेलंगणातल्या थंड भागांपैकी. त्या पहाटे बघावं तर एकूणएक गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरे लोट. मग सगळ्यांचीच इंजिनं बिघडलीत का? अजिबात नाही. पेट्रोल जळलं की त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि ते थोडंथोडकं नाही. एक लीटर पेट्रोल जळल्यावर जवळपास एक लीटर पाणी तयार होतं. एरवी ते अदृश्य वाफ होऊन निघून जातं. गार हवेत, गार सायलेन्सरमध्ये ती वाफ गोठून धुक्यासारखी दिसते, टोकातून थेंबही टपकतात. पाच-दहा मिनिटांत सायलेन्सर तापला की सगळं बंद. नवीन गाडी घेतलेली माणसं पहिल्या हिवाळ्यात घाबरतात ती याला.

घाबरायचं केव्हा? इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर चालूच असेल तेव्हा. साधी वाफ गाडीपासून थोड्या अंतरावर विरून जाते. कूलंट जळत असेल तर धूर दाट असतो, मागे रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास असतो. याचा अर्थ बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये ही पातळ पट्टी असते. तिच्या एका बाजूला जाळ, शेजारी कूलंटच्या वाटा, शेजारी ऑईलच्या. ती फाटली की शेजारधर्म संपतो आणि सगळ्यांचं सगळ्यांत मिसळायला लागतं. मग रेडिएटरचं पाणी वरचेवर कमी होतं, बाहेर कुठे गळती मात्र दिसत नाही. गार इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली तर आत बुडबुडे येतात. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर जमतो, आमचे उस्ताद त्याला "ऑईल की चाय हो गई" म्हणतात. (हा थर थंडीत फक्त दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या धडधाकट गाडीतही जमू शकतो. म्हणून तेवढ्या एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.)

इथे दोन गोष्टी अगदी ठासून सांगते. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. आणि पांढऱ्या धुरासोबत टेम्परेचरचा काटा वर जात असेल तर "नांदेडपर्यंत जाऊ की" म्हणायचं नाही. हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं, ते तापून वाकतं. पट्टीचं काम मग हेडचं काम होऊन बसतं.

डिझेल गाडीत पांढरा धूर आणखी एक गोष्ट सांगतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेतच ते पेटतं. दाब कमी पडला, ग्लो प्लग गेला, नोझलमधून फवारा उडण्याऐवजी थेंब पडायला लागले किंवा टायमिंग मागे पडलं, तर डिझेल न पेटताच बाहेर येतं. हा पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो. गोड वास आणि झोंबणारा वास यातला फरक एकदा नाकाने ओळखला की विसरत नाही.

निळ्या धुराबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खातंय, इथपर्यंत सगळे सहमत असतात. पण ऑईल जाळापर्यंत दोन वाटांनी पोचतं. एक खालून वर : पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा चिकटून बसल्या की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल खरवडून खाली जात नाही, वर राहतं आणि जळतं. दुसरी वरून खाली : वॉल्व्हच्या दांड्यांभोवती रबराची छोटी सीलं असतात, ती कडक झाली की हेडमधलं ऑईल दांडीवरून ओघळत आत जातं. टर्बो असलेल्या गाडीत तिसरी वाट, टर्बोचं सील. रंग तिन्हींचा एकच, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक. रिंगांसाठी इंजिन खोलावं लागतं, बोअर झिजलं असेल तर तेही करावं लागतं. वॉल्व्ह सील बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतं.

माझ्या मामांची डिझेल गाडी आहे, मुधोळ, भैंसा, बासर अशी सवारी करणारी. घर त्यावर चालतं आणि माझ्या फीचा काही भागही तिथूनच येतो. मागच्या वर्षी ती निळा धूर मारायला लागली. मोठ्या गावातल्या एका गॅरेजने एक मिनिट रेस देऊन बघितलं आणि सांगितलं, "फुल इंजिन करावं लागेल." मामा दोन दिवस गप्प होते. मग गावातल्या उस्तादांकडे गेले. उस्तादांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही, नुसतं विचारत राहिले. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्यांदा मारती? हो. एकदाच भपकन, मग कमी? हो. चढाला, लोड असताना? नाही, तेव्हा साफ. घाटातून उतरताना पाय काढून परत दाबला तर? हो, तेव्हा परत भपका. "तो सील है मामू, रिंगाँ नै."

यात जादू काही नाही. रात्रभर गाडी उभी असली की सैल सीलमधून ऑईल थेंबथेंब ओघळून साठतं आणि सकाळी पहिल्या जाळात जळतं, म्हणून एकच भपका. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की, विशेषतः पेट्रोल इंजिनात, आत ओढ निर्माण होते आणि सीलमधून ऑईल खेचलं जातं. पाय परत दाबला की ते जळतं. रिंगांचं वागणं वेगळं. तिथे धूर लोडवर वाढतो, चढाला, भरलेल्या गाडीला, आणि पिकअपही गेलेला असतो. रिंगांवरून निसटलेला जाळाचा वायू खाली ऑईलच्या चेंबरमध्ये जातो, म्हणून चालू इंजिनाचं ऑईलचं झाकण सैल केलं तर ते थाडथाड उडतं आणि ब्रीदर पाइपमधून धूर येतो. मामांच्या गाडीचं झाकण शांत होतं.

उस्तादांनी तरी अंदाजावर काम केलं नाही. काम काढण्याआधी कॉम्प्रेशन तपासायला लावलं. ही तपासणी प्रत्येकाने मागून घ्यावी अशी आहे. सिलिंडरमध्ये गेज लावून दाब मोजायचा. कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल सोडून परत मोजायचा. दाब वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑईलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर गळती वर आहे, वॉल्व्ह किंवा गॅस्केटमधून. (डिझेल इंजिनात ऑईल जास्त पडलं तर धोका असतो, म्हणून हे जाणत्याच्या हातानेच व्हावं.) मामांच्या गाडीत दाब चारही सिलिंडरमध्ये ठीक निघाला. सीलं बदलली. सांगितलेल्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात काम झालं आणि गाडी तिसऱ्या दिवशी बासरच्या स्टेशनला उभी होती.

पहिल्या गॅरेजने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. रंग बघितला, वेळ विचारली नाही, एवढंच. पण गिऱ्हाइकाला वेळ सांगता आली असती तर तिथेही प्रश्न सुटला असता, असं मला वाटतं.

निळ्या धुराची साधी कारणंही असतात. ऑईल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरलं असेल तरी धूर येतो. आणि जुन्या टू-स्ट्रोक गाड्या, लूना, जुनी चेतक, यांचा निळा धूर हा बिघाड नव्हताच. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून टाकायचे, ते जळणारच.

काळ्या धुराचं कारण साधं : इंधनाच्या मानाने हवा कमी. पेट्रोलला नीट जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. म्हणजे एका लीटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लीटर हवा! ही सगळी हवा एका कागदी एअर फिल्टरमधून जाते. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी आणि पुढे कापसाचा हंगाम. हवेत भुसा, धूळ आणि कापसाचे तंतू. त्या दिवसांत फिल्टर लवकर तुंबतो. म्हणून काळा धूर दिसला की पहिलं काम फिल्टर उघडून उजेडासमोर धरणं, आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. तो ठीक असेल तर मग पुढे : पेट्रोलमध्ये इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत अडकलेला चोक. डिझेलमध्ये नोझल, टर्बोचा फाटलेला पाइप, किंवा पंप 'वाढवलेला' असणं. पिकअप वाढावा म्हणून पंपाचं डिझेल वाढवून घेणारे लोक आमच्याकडे कमी नाहीत. कापसाने गच्च भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चढाला जो धूर सोडतात, त्यात बिघाडापेक्षा लोडचा वाटा जास्त असतो. पण रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या फुप्फुसाला कारणाशी देणंघेणं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं आहे, तंबाखूच्या धुराच्या पंगतीत.

काळेपणा मोजायची कल्पनाही जुनी आहे. फ्रान्समधल्या मॅक्सिमिलियन रिंगेलमन या कृषी अभियंत्याने १८८८ मध्ये पांढऱ्या कार्डांवर काळ्या रेघांच्या जाळ्या काढल्या, २०, ४०, ६०, ८० टक्के काळ्या. कार्ड लांब उभं केलं की रेघा मिसळून करडा रंग दिसतो, तो चिमणीच्या धुराशी ताडून बघायचा. (याच रिंगेलमनने दोरी ओढायला माणसं वाढवली की प्रत्येकाचा जोर कमी होतो हेही मोजून दाखवलं. गटप्रकल्प केलेल्यांना याचा पुरावा नको.) आपल्या पीयूसी केंद्रात हेच काम आता यंत्र करतं. डिझेल गाडीला न्यूट्रलमध्ये झटकन पूर्ण रेस देतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. जुन्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५ एचएसयू, बीएस-४ ला ५०. शंभर म्हणजे पूर्ण काळोख. पेट्रोल गाडीत धूर नव्हे तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. म्हणजे पीयूसी पास झाली याचा अर्थ त्या दिवशी वायू मर्यादेत होते, एवढाच. सील गेलंय की नाही हे ते यंत्र सांगत नाही.

धूर वाचण्याचं काम आमच्या चर्चलाही नवीन नाही. पोप निवडताना मतपत्रिका जाळतात. निवड झाली तर पांढरा धूर, नाहीतर काळा. पूर्वी काळ्यासाठी ओला पेंढा टाकायचे, पुन्हा ते नैयायिकांचं ओलं इंधन! पण १९५८ मध्ये रंग नीट कळेना आणि चौकातल्या गर्दीचा गोंधळ उडाला. पुढे रसायनं वापरायला लागले, आणि २००५ पासून पांढऱ्या धुरासोबत घंटाही वाजवतात. ८ मे २०२५ ला पोप लिओ चौदावे निवडले गेले तेव्हाही धूर आणि घंटा दोन्ही होत्या. व्हॅटिकनलासुद्धा नुसत्या रंगावर भरवसा ठेवता आला नाही, तिथे आपण रस्त्यावरच्या गाडीचं काय घेऊन बसलोय!

आणि नव्या गाड्यांत तर रंग दिसतच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर आला, डीपीएफ. तो काजळी साठवतो आणि गाडी लांब पल्ल्याला चालली की तापून जाळून टाकतो. त्यामुळे नोझल खराब असलं तरी मागे काळं दिसत नाही, फक्त फिल्टर लवकर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. उलट, बीएस-६ डिझेल गाडी उघड काळा धूर सोडत असेल तर तो फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. काढणं बेकायदा आहे, तरी काढतात. पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडंबहुत ऑईल जाळून निळा रंग लपवतो. अशा वेळी डिपस्टिक हाच साक्षीदार. दर हजार किलोमीटरला ऑईल किती उतरलं ते वहीत लिहून ठेवायचं.

सगळ्यात घातक वायूला तर रंगच नाही. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून तपासणी करायची नाही, धूर दिसो वा न दिसो. सायलेन्सर मध्येच फुटला असेल तर तो वायू केबिनमध्येही येतो. लांब प्रवासात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं तर काचा खाली करून गाडी थांबवायची.

जुनी गाडी घेणार असाल, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पहिली गाडी जुनीच येते, तर सकाळी लवकर जा. मालकाला आदल्या दिवशी सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम असेल तर सकाळचा भपका तुमच्यापासून लपवलाय, दुसऱ्या दिवशी परत जा. गार असेल तर एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मागे उभं राहायचं, मागे काहीतरी गडद येईल असं. इंजिन तापू द्या, मग चढाला न्या, उतारावर पाय काढून परत दाबा, आणि मित्राला दुचाकीवर मागे ठेवा, कारण आतल्याला आपला धूर दिसत नाही. ऑईलचं झाकण आणि डिपस्टिक बघा. ऑईल नको तितकं घट्ट, मधासारखं वाटलं तर धूर दाबायला जाड ऑईल किंवा औषध टाकलेलं असू शकतं, तेव्हा कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय विसार द्यायचा नाही.